बातलच्या अलीकडचा नाला

सिस्सू, २४ जून २०२४

उन्मेष,

तू माझा नंबर ब्लॉक केलायस, म्हणून हा कागद. काल माईंच्या फोनवर तुझा मेसेज आला, ‘आईला इतक्या लांब कुणाला विचारून नेलं, ते तिनं मला लेखी द्यावं.’ घे लेखी.

माईंना विचारून नेलं. खरं तर माईंनीच मला आणलंय. आपला घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं तरी तुझी आई माझ्याजवळ राजारामपुरीत राहते, याचं लोकांना नवल वाटतं. मलाही वाटतं. गेल्या सहा दिवसांत तर फारच.

चौतीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला आणि हिमालय काढला तो फळ्यावर. ‘पुढच्या वर्षी नक्की’ असं तू दर उन्हाळ्यात म्हणायचास. या जूनमध्ये त्या माझ्या ड्रायव्हिंग क्लासच्या ऑफिसात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, आता पावसाळ्यात तुझ्याकडे शिकायला बायका येत नाहीत, गाडी उभीच असते, आपण जाऊन येऊ. जणू कळंब्याच्या तलावावर जायचंय. मी विमान म्हटलं, रेल्वे म्हटलं. त्या म्हणाल्या, विमानातून भूगोल दिसत नाही.

गुंडू मिस्त्रीनं निघायच्या आधी गाडी तपासली. म्हणाला, “वैनी, गाडी ठणठणीत हाय. पण ही आंबा घाट चढती हेच लई झालं की. तिकडं कशाला न्हेताय?” मी म्हटलं, मला नको विचारू, वरच्या मजल्यावर जाऊन माईंना विचार. तो गेला नाही. माईंनी त्याला सातवीत शिकवलंय.

तर आम्ही पाच दिवसांत मनालीला पोचलो. वाटेतलं सगळं सांगत बसत नाही, पण एक सांगते. क्लासच्या गाडीला डावीकडेही ब्रेक आणि क्लच असतो, शिकवणाऱ्यासाठी. माई डावीकडे बसतात. सपाटीवर त्या गप्प होत्या. मंडीच्या पुढं घाट लागला आणि प्रत्येक वळणावर त्यांनी ब्रेक दाबायला सुरुवात केली. एकदा नव्हे, दोनदा नव्हे. कुलूच्या अलीकडे मागचा ट्रक आमच्या डिकीपासून वीतभर अंतरावर थांबला. त्याचा ड्रायव्हर खाली उतरून जे बोलला, ते माईंना हिंदी कमी येतं म्हणून बरं. मी विचारलं, माई, ब्रेक का मारला? तर म्हणे, तू मारणार नाहीस असं वाटलं. एकोणीस वर्षं मी गाडी शिकवतेय, उन्मेष. निम्म्या कोल्हापूरच्या बायका मी रस्त्यावर आणल्या. शेवटी मनालीत एका गॅरेजमध्ये तो डावीकडचा ब्रेक काढूनच टाकला. आता त्या नुसत्याच तळव्यानं जमीन दाबतात आणि गाडी थांबली नाही की माझ्याकडे बघतात.

मनालीच्या पुढचा लांब बोगदा ओलांडून काल इकडे आलो. बोगद्याच्या तोंडाशी लोक रस्त्यात गाड्या थांबवून, दारं उघडी टाकून नाचत होते. त्यांना बाजूला करता करता माझा आवाज बसला.

आज तांदीला गेलो. तिथं चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात आणि पुढं त्यांची चिनाब होते. माई कठड्याला धरून अर्धा तास उभ्या. मला वाटलं, डोळ्यांत पाणी वगैरे येईल. तसलं काही नाही. वळून म्हणाल्या, “मी भागा जाड काढायचे. चंद्रा मोठी आहे गं. चौतीस वर्षं पोरांना चुकीचं दाखवलं.” आणि मग गाडीत बसून तोंड पाडलं. आता त्यांना चंद्राच्या काठानं वर जायचंय, बातलपर्यंत. तिथून पुढं कुंझुमची खिंड, तिकडं मी जाणार नाही, हे ठणकावून सांगितलंय.

बातलचा रस्ता म्हणजे रस्ता नाही, असं इथले लोक सांगतात. नदीतले गोटे आणून पसरलेत, आणि मधे मधे डोंगरावरून नाले थेट अंगावर येतात. पूल नाही. पाण्यातूनच गाडी घालायची. सकाळी पाणी कमी असतं, ऊन चढलं की बर्फ वितळून वाढतं. म्हणून पहाटे सहाला निघायचं आणि दुपारच्या आत सगळे नाले मागं टाकायचे. घरमालकानं सांगितलं, चहावाल्यानं सांगितलं, पेट्रोल पंपावरच्यानंही न विचारता सांगितलं. मला समजतं.

माई ठीक आहेत. गोळ्या वेळेवर घेतात. माझ्यावर ओरडण्याइतका दम आहे. हे तुला लेखी.

संयोगिता


केलाँग, २९ जून २०२४

उन्मेष,

माईंनी तुला फोनवर सगळं सांगितलंच आहे. तरी ‘नेमकं काय झालं ते कळव’ असा तुझा मेसेज आलाय, म्हणून पुन्हा लिहिते.

आम्ही २५ तारखेला सिस्सूहून निघालो. कोकसर, ग्राम्फू, तिथून डावीकडे कच्चा रस्ता. छत्रूपर्यंत सतरा किलोमीटरला दीड तास लागला. तुला वाटेल, ही मुद्दाम वाढवून सांगतेय. नाही. पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात गाडी टाकली की लगेच पुन्हा पहिल्यात. एका बाजूला खडा डोंगर, त्यातून बारीक दगड गळत असतात, आणि दुसऱ्या बाजूला खाली चंद्रा. कठडा नाही. समोरून ट्रक आला तर कुणी मागं जायचं यावर दोन्ही ड्रायव्हर आधी डोळ्यांनी भांडतात. जो गाडी मागं घेतो त्याला मागचा रस्ता दिसत नाही. मी दोनदा घेतली. गाडीचं पोट चार ठिकाणी दगडाला घासलं. प्रत्येक वेळी माई विचारत, काय होतं ते? मी म्हणायची, दगड. पाचव्या वेळी त्यांनीच मला सांगितलं, दगड होता.

छोटा दडा या थांब्याच्या अलीकडे मोठा नाला होता. दोन-तीन गाड्या थांबलेल्या होत्या. माई म्हणाल्या, घाल गाडी, आणि मी घातली. मधे चाक अडकलं, इंजिन बंद पडलं, पाणी आत आलं. पलीकडे स्पितीहून वाटाणे घेऊन आलेला एक पिकअपवाला होता, अंगरूप नावाचा. त्यानं दोर टाकून ओढलं. माई भिजल्या. तिथं ताडपत्रीचा एक ढाबा होता, त्यात रात्र काढली. रात्री त्यांना धाप लागली. पहाटे पाणी उतरल्यावर अंगरूपनं त्याच्या पिकअपमधून इथं केलाँगच्या हॉस्पिटलात आणलं. डॉक्टर म्हणाले, उंचीमुळं फुप्फुसात पाणी झालंय, वेळेत आणलंत. ऑक्सिजन चार दिवस होता. आज काढला. इतकंच.

इतकंच म्हणजे, अंगरूपच्या गाडीत मी मधे, माई दाराकडे, त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर, आणि स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात. मला एकोणीस वर्षांत असं बसायची वेळ आली नव्हती. तो नाल्यात गाडी घालण्याआधी उतरला, पाण्यात गुडघ्यापर्यंत चालत पलीकडे गेला, दगड कुठं आहेत ते पायानं चाचपून परत आला, मग चढला. त्या मुलाचं वय पंचवीस असेल.

इथल्या खिडकीतून भागा दिसते. माई सारख्या उठून बसतात आणि बघतात. नर्स रागावते. मग नर्सला त्या मराठीत काहीतरी समजावतात आणि तिला ते कळतं, मला कळत नाही ते कसं काय.

तू फोनवर म्हणालास, आता बास झालं, बरी झाली की सरळ पुण्याला आणतो. आणतो म्हणजे काय रे? इथं चार दिवस झाले. भुंतरपर्यंत विमान येतं. तुला मीटिंग होत्या, हे मी ऐकलं. माईंना ऐकायला कमी येतं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो, हे तू विसरतोस. तू त्यांच्याशी जे बोलतोस ते मी सगळं ऐकते. कधी ऐकायचं नसलं तरी.

गाडी तिथंच राहिलीय. तिचं मी बघते.

संयोगिता


राजारामपुरी, कोल्हापूर, १५ जुलै २०२४

उन्मेष,

केलाँगहून लिहिलेलं पत्र खोटं होतं. सगळं नाही. एकच वाक्य. पण तेच महत्त्वाचं.

‘माई म्हणाल्या घाल गाडी’, असं मी लिहिलं. माईंनीही तुला तेच सांगितलं. हॉस्पिटलात त्यांच्या नाकात नळी होती, तू फोनवर ओरडत होतास, की तिनं तुला मारलं असतं, आणि माई धापा टाकत म्हणाल्या, “तिला कशाला बोलतोस. मीच म्हटलं घाल. ती नको म्हणत होती.” मी चहाचा पेला घेऊन दारात उभी होते. मी आत गेले नाही. फोन संपेपर्यंत तिथंच उभी राहिले. मग आत जाऊन त्यांना चहा दिला. तेव्हापासून त्या घरात येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतात, शेजारच्या भैरवीला, दूधवाल्याला, माझ्या भावाला. बावड्याहून तो बघायला आला होता, तर त्याला म्हणाल्या, माझाच हट्ट नडला. सगळे त्यांना हसत हसत रागावतात आणि मला म्हणतात, तुझीच कमाल. तीन आठवडे मी हे ऐकून घेतलं. काल ऑफिसात चौकशीला आलेली एक नवी बाई विचारत होती, मॅडम, चढावर गाडी बंद पडली तर काय करायचं? मी तिला ‘नंतर या’ म्हणून परत पाठवलं.

तर आता ऐक.

२५ तारखेला आम्ही पहाटे सहाला निघालो नाही. साडेदहाला निघालो. सहाला गाडी चालू करून मी बसले होते, आणि तुझा फोन आला. स्पीकरवर. तू म्हणालास, ‘आई, खोली पक्की झाली. सप्टेंबरपासून. पुण्याबाहेर आहे पण डॉक्टर चोवीस तास, जेवण, बाग, सगळं. तू हो म्हणाली होतीस म्हणून मी थांबलो नाही.’ आणि माई म्हणाल्या, बरं.

त्या हो म्हणाल्या होत्या. मे महिन्यातच. मला न सांगता. मग मला कळलं की हा हिमालय कशासाठी होता. जाण्याआधी माझ्याबरोबर एकदा फिरून यायचं होतं त्यांना. मला सांगितलं असतं तर मी निघालेच नसते, हेही त्यांना माहीत होतं.

मी गाडी बंद केली. चार तास आम्ही त्या सिस्सूच्या अंगणात भांडलो. मी भांडले म्हणजे. त्या खुर्चीत बसून होत्या. मी काय काय म्हणाले ते सगळं लिहीत नाही. तुम्हाला माझ्याकडे काय कमी पडलं, हे म्हणाले. मुलगा आला नाही चार वर्षांत, आणि त्यानं खोली घेतली की लगेच बरं, हेही म्हणाले. त्यांनी एकदाच उत्तर दिलं. म्हणाल्या, “तू सेहेचाळीसची आहेस. मी अजून पंधरा वर्षं जगले तर? मला धरून किती दिवस बसणार आहेस तू? लोक विचारतात, तुझी सासू का, तर तू म्हणतेस, होती. मला ते ऐकायला येतं, बाकी काही येत नसलं तरी.”

उन्मेष, मी खरंच तसं म्हणते. कायद्यानं बरोबर आहे म्हणून म्हणते. त्या ते ऐकत होत्या हे मला माहीत नव्हतं.

साडेदहाला मी म्हटलं, चला, बातल बघायचंय ना तुम्हाला, बघा. घरमालक म्हणाला, आता उशीर झाला, उद्या जा. मी त्याच्याकडे नुसतं रागानं बघितलं. केलाँगच्या पत्रात मी दगडाची गंमत लिहिली, तीही खोटी. गाडीचं पोट घासत होतं आणि आत कुणीच काही बोलत नव्हतं.

नाल्यावर पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. पाणी मातकट, फेसाळ, आणि आत दगड गडगडत असल्याचा आवाज येत होता. अलीकडे तीन गाड्या उभ्या होत्या, आमच्या दुप्पट उंचीच्या, आणि त्यांचे ड्रायव्हर दगडावर बसून जेवत होते. एकानं हातानं खूण केली, सकाळी. माई म्हणाल्या, “संयोगिता, थांबूया.”

त्या थांबूया म्हणाल्या. स्पष्ट. दोनदा. दुसऱ्यांदा माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या.

मी उतरले नाही. पाणी किती खोल आहे ते बघितलं नाही. मी हात झटकला आणि गाडी घातली. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी पहिल्या दिवशी सांगते, डोकं तापलेलं असेल तर किल्ली मला द्या आणि घरी जा. मीच असं शिकवते आणि मीच तशी बसले. पहिला गिअर, रेस एकसारखी, हे सगळं बरोबर केलं. मधे डावं चाक एका दगडावर चढलं आणि घसरून खाली बसलं. तिथं मी घाबरले. पाय उचलला. इंजिन बंद. मग मी किल्ली फिरवली, पाण्यात इंजिन बंद पडलं तर चालू करायचं नाही हे माहीत असून तीनदा फिरवली. तिसऱ्यांदा आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि मग काहीच आला नाही.

आणि मी नाल्यात उतरताना माईंचा डावा पाय जमिनीवर दाबलेला होता, ते मला दिसलं. मनालीत तो ब्रेक काढला नसता तर त्यांनी तो मारला असता आणि आम्ही काठावरच राहिलो असतो. हा विचार मला रोज येतो.

पाणी दाराच्या फटीतून आत आलं. आधी पावलं, मग पोटऱ्या. त्या पाण्याला नुसतं थंड म्हणून भागत नाही. माईंनी पाय सीटवर घ्यायचा प्रयत्न केला, गुडघ्यामुळं जमेना. मी त्यांचे पाय माझ्या मांडीवर ओढून घेतले. पंचवीस मिनिटं आम्ही तशा बसलो होतो. गाडी मधेच थोडी सरकायची, चंद्राच्या बाजूला. माईंनी मला काही म्हटलं नाही. त्यांनी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या नुसत्या समोर बघत होत्या आणि त्यांचे दात वाजत होते.

अंगरूपनं दोर टाकला तेव्हा तो माझ्यावर ओरडत होता. त्याची हिंदी मला निम्मी कळली. बुढी औरत, एवढं कळलं. पलीकडच्या काठावर ओढल्यावर त्यानं पहिली गोष्ट केली ती माझ्याकडे न बघता माईंना उचलून त्याच्या पिकअपच्या केबिनमध्ये ठेवलं आणि स्वतःचं जाकीट त्यांच्या पायांना गुंडाळलं.

त्या रात्रीचं फार लिहीत नाही. त्यांच्या छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज येत होता आणि ओठ निळसर झाले होते. खाली उतरवायला हवं, हे ढाब्यावरची बाई सांगत होती, पण मागं तोच नाला, आणि पुढं बातल आणि कुंझुम, म्हणजे आणखी उंच. दोन्हीकडून अडकलो होतो, आणि अडकवलं होतं मी. माई मधेच जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, “कुणाला सांगू नकोस. मी सांगेन काय सांगायचं ते.” मला वाटलं, त्या बरळतायत. त्या विचार करून बोलत होत्या. तुला कळलं की मी काय केलं, तर तू त्यांना त्याच दिवशी घेऊन जाशील, आणि मग माझं काय होईल, हे त्या तशा अवस्थेत मोजत होत्या.

आधी मी या सगळ्याला तुला जबाबदार धरणार होते. तुझा फोन, तुझी खोली, तुझी वेळ. आगगाडीत येताना मनातल्या मनात तसं पत्र पूर्ण लिहूनही झालं होतं. पण स्टिअरिंग माझ्या हातात होतं. फोन करणाऱ्याच्या नाही.

हे मी माईंना न विचारता पाठवतेय. त्यांना आवडणार नाही. मग तू काय ठरवायचं ते ठरव. त्यांना न्यायचं असेल तर मी दारात आडवी पडणार नाही, तसला तमाशा मी करत नाही. पण एक कर. फोनवर ठरवू नकोस. मेसेज करू नकोस. इथं ये, त्यांच्यासमोर खुर्चीवर बस, आणि विचार. तू मे महिन्यात विचारलंस तेव्हा त्या काय म्हणाल्या ते तू ऐकलंस, का म्हणाल्या ते तू विचारलं नाहीस. मीही विचारलं नव्हतं. सहा वर्षांचं पोरही नीट विचारतं रे. आपण दोघं काय करत होतो?

संयोगिता


राजारामपुरी, २० ऑगस्ट २०२४

उन्मेष,

शनिवारी तू आलास. महिना लावलास, पण आलास. तोंडावर जे बोलता आलं नाही ते लिहिते, आता सवयच लागलीय.

तू येणार हे कळल्यापासून माई माझ्याशी धड बोलत नव्हत्या. त्या माझ्यावर चिडल्या होत्या. पत्राचं कळलं तेव्हा म्हणाल्या, “मी एवढं खोटं बोलले आयुष्यात पहिल्यांदा, आणि तू ते वाया घालवलंस.” आणि दोन दिवस स्वतःचा चहा स्वतः केला.

तू त्यांच्यासमोर बसलास. पाच मिनिटं आदर्श मुलासारखा गुडघ्याचं विचारत होतास. मी स्वयंपाकघरात होते, पण तू मोठ्यानं बोलतोस. तू म्हणालास, “आई, तुला तिकडं राहायचंय का?” त्या म्हणाल्या, नाही. तू विचारलंस, मग हो का म्हणालीस? त्या म्हणाल्या, “तू खूप खूश होतास. मला वाटलं, एक काम तरी तुझं सोपं करावं.” मग त्या म्हणाल्या, “आणि हिचं आयुष्य अडतंय असं वाटलं. पण ही तर मला नाल्यात घालून परत आणते, हिचं काय अडणार.” तेव्हा तू हसलास की रडलास ते मला आतून कळलं नाही. मी बाहेर आले नाही. आले असते तर माझंही काय झालं असतं, सांगता येत नाही.

तू माझ्याशी न बोलता खाली गेलास आणि गाडीत बसून राहिलास. गाडी सुरू केली नाहीस. मी दहा मिनिटं गॅलरीतून बघितलं. मग उतरले आणि शेजारी येऊन बसले. तुला वाटलं असेल, ही आता भांडेल. तू म्हणालास, “त्या दिवशी तिला काही झालं असतं तर?” मी म्हटलं, तर मी आयुष्यभर गाडीला हात लावला नसता, पण त्याचा तुला काय उपयोग झाला असता. तू मान हलवलीस. मला वाटलं होतं, तू मला माफ केलं म्हणशील किंवा कधीच करणार नाही म्हणशील. तू दोन्ही म्हणाला नाहीस. बरं झालं. दोन्हीपैकी काहीही म्हटलं असतंस तरी मला राग आला असता.

मग तू विचारलंस, त्या दोन नद्या खरंच वेगळ्या रंगाच्या दिसतात का. मी सांगितलं, एक मातकट, एक हिरवट, आणि मिळाल्यावरही थोडा वेळ शेजारी शेजारी वाहतात. तू म्हणालास, तिला तिकडं जायचं होतं हे मला तिनं कधी सांगितलंच नाही. तेव्हा मी गप्प बसले, कारण रस्त्यात भांडायचं नव्हतं. आता सांगते. त्यांनी दहा वेळा सांगितलं होतं. तू दहाही वेळा ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणालास, ऐकलं नाहीस. मी नऊ वेळा ऐकलं नाही.

नाल्यापासून मनालीपर्यंत ओढत आणलेली गाडी तिथून गुंडूच्या ओळखीच्या ट्रकवर आली. त्यानं इंजिन खोललं, आत बघितलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. सोमवारपासून मी भाड्याची गाडी घेऊन पुन्हा क्लास सुरू केलाय. पहिल्या बाईला शिकवायच्या आधी तिला नाल्याची सगळी हकिगत सांगितली, नाव न लपवता. तिला वाटलं, मॅडम घाबरवतायत. ती दुसऱ्या दिवशी आली, म्हणून तिला शिकवतेय.

आता कामाचं. २८ सप्टेंबरला, चौथ्या शनिवारी, माईंची डोळ्यांची तपासणी आहे, आठव्या गल्लीत. त्या दिवशी माझ्याकडे नव्या बॅचच्या चार जणी आहेत. तू घेऊन जा. साडेनऊची वेळ आहे, पण तू सव्वानऊला पोच. त्या नऊपासून चपला घालून दाराशी बसतात आणि उशीर झाला की मला बोलतात.

पुण्याहून निघताना फोन कर. माझ्या नंबरवर.

संयोगिता